रोजच्या चार किलोमीटरसाठी स्कूटर: मायलेज विसरा, मेन स्टँड लावून बघा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय ६१, उंची पाच फूट, एक गुडघा दुखरा. घर साताऱ्यात समर्थ मंदिराच्या बाजूला. फेरा ठरलेला: राजवाड्याजवळ भाजी, मोती चौकात किराणा, औषधं, कधी पोवई नाक्यापर्यंत बँक. रोजचे चारेक किलोमीटर होतात. चौदा वर्षांची स्कूटी आता थकली. पुण्यातला मुलगा म्हणतो इलेक्ट्रिक घे, बहीण म्हणते १२५ सीसीची घे म्हणजे चढाला बरं, शेजारी म्हणतात मायलेज बघा. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, पार्किंगमध्ये प्लग नाही. बजेट ऑन-रोड एक लाख.

आधी उत्तर देतो. ११० सीसीची पेट्रोल स्कूटर घ्या. ज्युपिटर ११० आणि स्कूटी झेस्ट, दोन्हींवर प्रत्यक्ष बसून बघा, तिसरी ऍक्टिव्हा ११०. यांतल्या ज्या गाडीवर तुमची दोन्ही पावलं नीट टेकतात आणि जी तुम्ही एकट्याने मेन स्टँडला लावू शकता, ती तुमची गाडी. पार्किंगमध्ये स्वतःच्या मीटरवरून प्लग मिळाला, तर मात्र माझं उत्तर बदलेल. त्याबद्दल पुढे लिहिलंय.

मी एकतीस वर्षं स्कूटर दुरुस्तीच्याच कामात आहे. तेव्हा साताऱ्यातच बनणाऱ्या ‘प्रिया’ स्कूटरवर हात बसला, आणि आता माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत निम्म्याहून जास्त अशाच असतात: दिवसाला तीन-चार किलोमीटर चालणाऱ्या, दूध, भाजी, शाळा, देऊळ करणाऱ्या. या गाड्यांची दुखणी लांब पळणाऱ्या गाड्यांपेक्षा वेगळी असतात, आणि त्या विकत घेताना बघायच्या गोष्टीही वेगळ्या.

मायलेजचा हिशेब एकदाच मांडू आणि तो विषय बाजूला ठेवू. रोज ४ किलोमीटर, महिन्यातले २५ दिवस, म्हणजे १०० किलोमीटर. गाडीने लिटरला ४० दिले तर अडीच लिटर पेट्रोल लागेल, ५० दिले तर दोन लिटर. लिटरचा भाव १०४ रुपये धरला तर २६० आणि २०८. महिन्याला फरक ५२ रुपयांचा. एवढ्या पैशांत कोथिंबिरीच्या दोन-तीन जुड्या येतात. त्यासाठी जड किंवा उंच गाडी गळ्यात घेऊ नका. शिवाय कंपनी सांगते तो आकडा तुमच्या फेऱ्यात मिळणारच नाही. इंजिन थंड असतं तेव्हा त्याला पेट्रोल जास्त लागतं, आणि तुमचं इंजिन गरम होईपर्यंत तुम्ही भाजीवाल्यापुढे उभ्या असता.

खरा प्रश्न वजनाचा आणि उंचीचा आहे. उतारवयातल्या माणसांच्या ज्या गाड्या पडून माझ्याकडे येतात, त्यातल्या बहुतेक चालताना पडलेल्याच नसतात. उभ्या गाडीवरून पडलेल्या असतात. डाव्या बाजूचं पॅनेल घासलेलं, ब्रेकची लिव्हर वाकलेली, आरसा तुटलेला. थांबताना पाय टेकायला गेला आणि जमीन अपेक्षेपेक्षा दोन बोटं खाली निघाली, की शंभर किलोची गाडी एका पायावर कोणालाच पेलत नाही.

माझ्या घरीच हे घडलंय. बायकोची उंची पाच फूट एक इंच. तिच्यासाठी १२५ची गाडी मी निवडली, तिला न बसवता, कागद वाचून. दुसऱ्याच महिन्यात राजवाड्याकडून वर येताना पुढे रिक्षा थांबली म्हणून ती चढावर थांबली. पायाशी दहा किलो तांदळाची पिशवी होती, त्यामुळे डावा पाय नेहमीपेक्षा बाहेर टाकावा लागला. तिथे बारीक खडी होती. टाच सरकली, गाडी कलली, आणि पडताना तिने हात टेकला. मनगटाला सहा आठवडे प्लास्टर. गाडीत काही दोष नव्हता. निवड चुकली होती आणि ती मी केली होती. तेव्हापासून ज्याला चालवायची आहे त्याला बसवल्याशिवाय मी गाडी सुचवत नाही.

कागदावरची सीटची उंची पुरी पडत नाही, ते एवढ्यासाठी. बाजारातल्या बहुतेक ११० स्कूटरची सीट जमिनीपासून ७५५ ते ७७० मिलिमीटरच्या दरम्यान असते, यामाहाच्या १२५ सीसीच्या फॅसिनोची ७८० असते. पण सीट पुढून रुंद असली की मांड्या फाकतात आणि तेवढी उंची पायातून कमी होते. म्हणून ७५५ची रुंद सीट तुम्हाला ७७०च्या अरुंद सीटपेक्षा उंच वाटू शकते. झेस्ट पुढून अरुंद आहे, तिचं वजन १०३ किलो. ज्युपिटर आणि ऍक्टिव्हा १०५-१०६ किलोच्या आसपास. फॅसिनो ९९ किलोची, या सगळ्यांत हलकी, पण उंच. हलकेपणा आणि उंची यांत निवडायची वेळ आली तर तुमच्यासाठी मी उंचीचा विचार आधी करेन.

शोरूमला जाल तेव्हा रोजच्या पोशाखात जा. साडी नेसत असाल तर साडीत, आणि पायात रोजचीच चप्पल. बूट घालून गेलात तर अंदाज चुकेल. सोबत पाच-पाच किलो गव्हाच्या दोन पिशव्या न्या. सेल्समन बघत राहील, बघू दे. एक पिशवी पायाशी ठेवा, एक डिकीत. मग बसा आणि दोन्ही पावलं टेका. दोन्हींचे चवडे पूर्ण आणि टाचा जवळजवळ टेकल्या पाहिजेत. एक पाय टेकतो आणि दुसरा तरंगतो, तर ती गाडी नको. मग बसल्या-बसल्या पायाने गाडी चार पावलं मागे ढकला. मंडईतून बाहेर पडताना रोज हेच करावं लागतं, पण शोरूममध्ये कोणी करून बघत नाही.

त्यानंतर मेन स्टँड. गाडीच्या डाव्या बाजूला उभं राहायचं. डाव्या हातात हँडलची मूठ, उजव्या हाताने सीटमागची पकड, उजवं पाऊल स्टँडच्या पायपट्टीवर. आधी पायपट्टी हळू दाबा आणि गाडी जराशी सरळ करा, म्हणजे स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला लागल्याचं पायाला कळतं. ते कळल्याशिवाय पुढे काही करायचं नाही. मग हाताने ओढू नका, पायपट्टीवर सगळं वजन देऊन उभ्या राहा. गाडी स्वतःच मागे सरकून वर चढते. कंबर धरते ती हाताने ओढणाऱ्यांची. नीट जमवूनही तीनदा प्रयत्न करावा लागत असेल किंवा गुडघ्यात कळ येत असेल, तर दुसरी गाडी बघा. साइड स्टँडवर भागेल असं कोणी म्हणेल. आपल्याकडे सपाट जागा किती आहे ते तुम्ही जाणताच. उतारावर तोंड खाली करून साइड स्टँडवर लावलेली गाडी पुढे सरकते आणि स्टँड मिटतो. लावावीच लागली तर गाडीचं तोंड चढाकडे करा आणि डाव्या ब्रेकची लॉक-क्लिप, म्हणजे ब्रेक दाबलेला धरून ठेवणारी क्लिप, अडकवा. ती क्लिप नसलेली गाडी साताऱ्यात घेऊ नये असं मला वाटतं.

सामानाबद्दल. डिकी किती लिटरची हे लोक विचारतात, पण तिचा आकार विचारत नाहीत. नव्या ज्युपिटरची डिकी ३३ लिटरची आहे आणि तळ बऱ्यापैकी सपाट आहे, त्यात आठवड्याची भाजी सहज मावते. झेस्टची १९ लिटरची, म्हणजे हेल्मेट ठेवलं की भरलीच. पण पेट्रोल स्कूटरच्या डिकीखाली इंजिन असतं, त्यामुळे आत ऊब राहते. मेथी-कोथिंबीर उन्हाळ्यात डिकीत टाकून तीन दुकानं फिरलात तर घरी येईतो पानं लुळी पडतात. दुधाची पिशवी आणि दहीही तिथे नको. डिकीत कांदे, बटाटे, डाळी, साबण ठेवा आणि पालेभाजी पुढे हुकाला लावा.

हुकाला वजनाची मर्यादा असते आणि ती आपल्याला वाटते त्यापेक्षा बरीच कमी असते. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेली असते. हुकाचं काम पिशवी उभी धरण्याचं, वजन पायदानावरच बसलं पाहिजे. त्यासाठी पायदान सपाट हवं, मध्ये उंचवटा नको. पिशवीचे बंद इतके आखूड हवेत की हँडल पूर्ण वळवलं तरी ती मध्ये येणार नाही. हँडलच्या मुठीला पिशवी अडकवायची सवय असेल तर ती आजच सोडा. वजन एका बाजूला गेलं की हळू चालणाऱ्या गाडीचं हँडल ओढलं जातं, आणि उजव्या मुठीला अडकवली तर वळताना ऍक्सिलरेटर पिळला जातो. दुकानासमोर थांबून दुकानदार पिशवी पायाशी ठेवत असेल तेव्हा इंजिन बंद करा. पिशवी सरकवताना उजव्या हाताने मूठ धरून आधार घेतला आणि गाडी उसळली, असे अपघात मी पाहिलेत.

सीटमागे मोठी पेटी बसवून घेऊ का, असंही तुम्ही विचारलंय. तुम्हाला नको. वजन उंचावर आणि मागे जातं, मेन स्टँड लावायला जड होतो आणि बसताना पाय त्यावरून न्यावा लागतो. गॅस सिलिंडरही पायदानावरून आणू नका. भरलेला सिलिंडर जवळपास तीस किलो असतो.

पेट्रोल भरायचं झाकण कुठे आहे तेही बघा. ज्युपिटरमध्ये ते पुढे आहे, बसल्या जागी भरता येतं. ऍक्टिव्हामध्ये मागे बाहेरून. ज्यात सीट उघडावी लागते, त्यात भरलेली डिकी पंपावर सगळ्यांसमोर उघडावी लागते. चाकांचं म्हणाल तर ज्युपिटरची दोन्ही चाकं १२ इंची आहेत. ऍक्टिव्हाचं पुढचं १२ आणि मागचं १० इंची. खड्ड्यात मोठं चाक कमी आपटतं. डिस्क ब्रेकसाठी जादा पैसे घालू नका. तुमच्या वेगाला ड्रम पुरेसा आहे, आणि एप्रिल २०१९पासून १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना डावी लिव्हर दाबली की दोन्ही ब्रेक लागण्याची सोय सक्तीची झाली आहे.

आता ज्या गोष्टीसाठी मी एवढं लांबण लावतोय ती. थोडं-थोडं चालणं पेट्रोल इंजिनाला मानवत नाही. इंजिनात पेट्रोल जळताना पाण्याची वाफही तयार होते. इंजिन नीट तापलं की ती निघून जाते. दीड किलोमीटरवर गाडी बंद केली की ती आतच थंड होऊन ऑइलमध्ये उतरते. पावसाळ्यात अशा गाडीची ऑइलची कांडी बाहेर काढली की टोकाला पिवळट-पांढरी साय लागलेली दिसते, ताकावरच्या लोण्यासारखी. ते ऑइल वंगणाचं काम नीट करत नाही. लोक म्हणतात, गाडी वर्षात हजार किलोमीटरच चालली, ऑइल कशाला बदलू? अशाच गाडीचं ऑइल दर सहा महिन्यांनी बदलावं, किलोमीटर बघू नयेत. पाऊण लिटर ऑइल लागतं, खर्च चार-पाचशेचा.

बॅटरीचंही तेच. प्रत्येक सेल्फला ती काही देते आणि परत भरून यायला गाडी चालावी लागते. तुमच्या फेऱ्यात चार ठिकाणी थांबणं आणि चार वेळा सेल्फ, मध्ये चालणं पाच-पाच मिनिटांचं. म्हणून अशा गाड्यांच्या बॅटऱ्या दोन वर्षांत बसतात आणि लोक कंपनीला दोष देतात. उपाय सोपा आहे. आठवड्यातून एकदा गाडी सलग दहा किलोमीटर चालवा. सकाळी उन्हाच्या आत संगम माहुलीला जाऊन या, जाऊन-येऊन तेवढं होतं. इंजिन तापतं, ऑइलमधलं पाणी उडतं, बॅटरी भरते. किक असलेलं मॉडेल मिळत असेल तर तेच घ्या. गुडघ्यामुळे तुम्ही ती मारणार नाही, पण बॅटरी बसली त्या दिवशी शेजारचा मुलगा मारू शकेल. पेट्रोलची टाकीही काठोकाठ भरू नका. पाच लिटर तुम्हाला दोन महिने पुरेल आणि आताचं इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओलावा धरतं. एका वेळी दोन-अडीच लिटर भरत जा.

हे वाचून तुम्ही म्हणाल, मग मुलाचंच बरोबर की. निम्मं बरोबर आहे. विजेच्या मोटरीला थंड-गरम काही नसतं, दीड किलोमीटर असो की पंधरा. ऑइल नाही, डिकीखाली इंजिन नसल्याने पालेभाजीही टिकते. बहुतेक चांगल्या इ-स्कूटरना रिव्हर्स असतो, मंडईच्या गर्दीत आणि गुडघ्याला तो मोठा आधार आहे. पण पैसे वाचतील म्हणून घेऊ नका. महिन्याच्या १०० किलोमीटरला तीन-चार युनिट वीज, चाळीसेक रुपये. म्हणजे पेट्रोलपेक्षा वर्षाला अडीच हजारांच्या आसपास वाचतात. २२ सप्टेंबर २०२५पासून पेट्रोल स्कूटरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८वर आला, त्यामुळे किमतीतला फरक आणखी जाणवतो. बॅटरी न वापरताही वर्षागणिक म्हातारी होत असते, आणि तुमचा वापर इतका कमी की तिचा पुरता फायदा तुम्ही घेणारच नाही.

त्यात वजन. टीव्हीएसच्या आयक्यूबचं छोट्या बॅटरीचं मॉडेल ११५ किलो, एथरची रिझ्टा ११९, बजाजच्या चेतकची बहुतेक मॉडेलं त्याहून जड. मेन स्टँडचा हिशेब इथे पुन्हा करावा लागतो. आणि मुख्य म्हणजे तुमच्याकडे प्लग नाही. विडासारख्या गाडीची बॅटरी काढून घरात नेता येते, पण ती पेटी दहा-अकरा किलोची असते. लिफ्टशिवाय दोन मजले दुखऱ्या गुडघ्याने ती वाहून न्यायला मी कधीच सांगणार नाही. खिडकीतून वायर सोडून चार्ज करण्याचा विचारही मनात आणू नका, पावसात तो जिवावरचा धोका आहे.

सोसायटीने परवानगी दिली आणि तुमच्या मीटरवरून पार्किंगपर्यंत अर्थिंगसह स्वतंत्र लाईन ओढता आली, तर मी आयक्यूब २.२, म्हणजे तेच छोट्या बॅटरीचं मॉडेल, बसून बघायला सांगेन. ४ किलोमीटरला मोठी बॅटरी नको, ती फक्त वजन आणि किंमत वाढवते. बजेट मात्र थोडं वाढवावं लागेल. आवाज नसल्याने गाडी चालू आहे हे विसरायला होतं. उतरण्याआधी किल्ली बंद, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा. महिनाभर पुण्याला मुलाकडे जाणार असाल तर बॅटरी निम्मी-साठ टक्के ठेवून जा, पूर्ण भरून किंवा संपवून नको.

२५ किलोमीटर वेगाच्या, लायसन्स-नोंदणी न लागणाऱ्या छोट्या इ-स्कूटर मात्र आपल्या गावासाठी नाहीत. त्यांची मोटर २५० वॉटची. राजवाड्याकडून समर्थ मंदिराकडे चढताना सामानासकट ती दम टाकते, आणि मागून येणाऱ्या वाहनांच्या मानाने तुम्ही फारच हळू असता.

बहिणीने सुचवलेल्या १२५बद्दल एवढंच की आपल्या चढाला एका माणसाला आणि दहा किलो सामानाला ११० भरपूर आहे. मागे रोज कोणी बसत असतं तर विचार केला असता.

खरेदीच्या वेळी ऑन-रोड किमतीचा कागद ओळीने मागा. थर्ड पार्टी विमा नव्या दुचाकीला पाच वर्षांचा सक्तीचा आहे. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा शोरूमकडूनच घ्यायचं बंधन नाही, बाहेर भाव विचारा. ‘हँडलिंग’ नावाची ओळ दिसली तर ती कशाची ते विचारा आणि काढायला सांगा. हेल्मेट गाडीबरोबर मिळायला हवं, आयएसआय शिक्का बघून घ्या. साडी गार्ड ठेवा. चहूबाजूंचे लोखंडी गार्ड नकोत, तीन-चार किलो वाढतात आणि गर्दीत अडकतात. टायरमध्ये हवा पुस्तिकेत लिहिली असेल तेवढी ठेवा, महिन्यातून दोनदा तपासा. हवा कमी असली की हँडल जड होतं आणि माणसाला वाटतं आपलाच हात दुखतोय.

जुन्या स्कूटीचं मात्र लवकर ठरवा. नोंदणी पंधरा वर्षांची असते, ती संपली की नूतनीकरणाला गाडी दाखवणं आणि पर्यावरण कर हे दोन्ही मागे लागतात आणि गिऱ्हाईकही भाव पाडतं. एक्सचेंजमध्ये द्या किंवा ओळखीत विका, पण मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३०वर सह्या झाल्या म्हणजे गाडी नावावरून गेली असं समजू नका. घेणाऱ्याच्या आधार कार्डाची झेरॉक्स आणि तारीख-वेळ लिहिलेली पोहोच ठेवा, आणि एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून मालक बदललेला दिसेपर्यंत ती फाईल टाकू नका.